आकाशात दिसलेलं ‘ते’ आणि मिल्ट्रीची चौकशी: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशात दिसणाऱ्या अनोळखी दिव्यांविषयीचे हे प्रश्न लोकांनी ज्या बोलीत विचारले, त्याच बोलीत ठेवले आहेत. उत्तरं मात्र सगळ्यांना समजावीत म्हणून सरळ मराठीत आहेत.

येळ्ळूरच्या गडाकडं एक दिवा अर्धा तास एका जागी थांबलेला बघितला. कॅम्पात जाऊन सांगितलं तर मिल्ट्रीवाले येऊन बघतात काय?

बहुतेक वेळा नाही. याचा राग मानू नये. बेळगावचं मराठा सेंटर हे पायदळाच्या जवानांना घडवणारं केंद्र आहे. विमानतळाजवळ सांबऱ्याला हवाई दल आहे, पण तिथं वायुसैनिकांचं प्रशिक्षण चालतं, लढाऊ विमानांचा तळ नाही. आकाशावर लक्ष ठेवायचं काम हवाई दलाच्या हवाई संरक्षण यंत्रणेचं. ती यंत्रणा दोनच गोष्टी विचारते: हे कुणाचं आहे, आणि यानं धोका आहे का? परग्रहावरून आलंय का, हा प्रश्न त्यांच्या वहीत नसतोच. दिवा निरुपद्रवी आहे असं ठरलं की त्यांच्या दृष्टीनं विषय संपतो. तुमच्या मनातलं कुतूहल शिल्लक राहतं, आणि बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात.

मग चौकशी म्हणजे नेमकं करतात तरी काय?

आधी कागद, मग आकाश. त्या वेळी त्या भागातून कोणती विमानं जाणार होती, हे आधीच नोंदलेलं असतं. ठरलेल्या वेळापत्रकाबाहेरच्या विमानाला हवाई संरक्षण परवानगीचा क्रमांक घ्यावा लागतो. क्रमांक जुळला की शंका मिटली. नंतर रडारची नोंद, आपल्याच कुणाचा सराव चालू होता का, हवामान खात्यानं फुगा सोडला होता का, हे बघतात. यातून काहीच हाती लागलं नाही तर विमान पाठवायचा विचार होतो.

असं विमान खरोखर उडालंय. १९ नोव्हेंबर २०२३ ला दुपारी इंफाळच्या विमानतळाजवळ काहीतरी उडताना दिसलं. विमानतळ काही तास बंद ठेवला, येणारी विमानं दुसरीकडं वळवली. पश्चिम बंगालमधल्या हाशिमारा तळावरून राफेल विमानं शोधायला गेली. हवाई दलाच्या पूर्व कमांडनं नंतर एवढंच सांगितलं, की विमानतळावरून डोळ्यांनी पाहिल्याची खबर आली म्हणून हवाई संरक्षणाची यंत्रणा चालू केली, पुढं ती छोटी वस्तू दिसली नाही. यात ‘खबर खोटी होती’ असं म्हटलेलं नाही आणि ‘परग्रहावरची उडती तबकडी होती’ असंही नाही. ज्यांना यापेक्षा जास्त ऐकायचं होतं ते नाराज झाले. पण सैन्याचं निवेदन वाचायची सवय लावून घ्यायची असेल तर हे एकच वाक्य पुरेसं आहे.

आमचा पोरगा लडाखला होता. तिथं रात्री पिवळे गोळे दिसायचे म्हणतो. खरं काय ते?

दिसायचे, यात शंका नाही. या भागातल्या पुष्कळ घरांतली पोरं त्या उंचीवर पहारा देऊन आलीत, म्हणून हे उत्तर जरा लांबवतो.

२०१२ च्या उन्हाळ्यानंतर पँगाँग सरोवराच्या भागातून लष्कराच्या आणि इंडो-तिबेट सीमा पोलिसांच्या चौक्यांनी कळवायला सुरुवात केली: चीनच्या बाजूला क्षितिजावर पिवळसर गोळा उगवतो, तासन्‌तास आकाशात सरकतो आणि नाहीसा होतो. एकदोनदा नव्हे, शेकड्यांत नोंदी झाल्या. लष्करानं फिरतं रडार आणि वर्णपट तपासणारं यंत्र डोंगरावर चढवलं. डोळ्यांना दिसणारी वस्तू रडारवर मात्र येईना. टेहळणीचं ड्रोन पाठवलं, तेही तिथवर पोचेना. हा सगळा प्रकार वर्तमानपत्रांत आल्यावर संसदेत प्रश्न विचारला गेला. तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी ठोस पुरावा नसल्याचं उत्तर दिलं.

लष्कराचा संशय ड्रोनवर होता, आणि तो रास्त होता. समोर चीन असताना आधी ड्रोनच आठवणार.

शेवटी बेंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडं हे प्रकरण गेलं. शास्त्रज्ञांनी जवानांच्या नोंदींतली दिशा, क्षितिजापासूनची उंची आणि वेळ ताऱ्यांच्या जागांशी ताडून पाहिली. एक वस्तू संध्याकाळी सहाच्या सुमाराला दिसायची आणि पहाटे पाचपर्यंत असायची. दुसरी पहाटे चारला यायची आणि दिवस चांगला वर येईपर्यंत दिसत राहायची. पहिली वस्तू गुरू. दुसरी शुक्र. २०१३ साली ही बातमी बाहेर आली तेव्हा लोकांनी जवानांची चेष्टा केली. मला ती मुळीच पटली नाही. चौदा हजार फुटांवर हवा इतकी विरळ आणि स्वच्छ असते की शुक्राची चांदणी गावाकडच्यापेक्षा कितीतरी टपोरी दिसते. शिवाय त्या जवानांनी वेळ आणि दिशा रोज नेमानं लिहिली नसती, तर शास्त्रज्ञांना ताडून बघायला काय मिळणार होतं? रडारवर न येणं हेही मग कोडं राहत नाही. सीमेवरचं रडार शुक्रापर्यंत पोचत नाही.

अमेरिकेत म्हणे यासाठी खास खातंच होतं?

होतं. केनेथ अर्नोल्ड नावाच्या वैमानिकानं २४ जून १९४७ ला वॉशिंग्टन राज्यातल्या रेनियर पर्वताजवळ नऊ चमकत्या वस्तू पाहिल्याचं सांगितलं आणि देशभर तबकड्यांची साथ पसरली. १९४८ मध्ये हवाई दलानं ‘प्रोजेक्ट साइन’ काढला, त्याचा पुढं ‘ग्रज’ झाला आणि १९५२ पासून ‘ब्लू बुक’. कचेरी ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावर. १९६९ च्या डिसेंबरात ते बंद करेपर्यंत १२,६१८ नोंदी जमल्या, त्यांतल्या ७०१ चा उलगडा झाला नाही. बंद करायचा सल्ला कोलोराडो विद्यापीठात एडवर्ड कॉन्डन यांच्या देखरेखीखाली झालेल्या अभ्यासातून आला. या नोंदींत देशाला धोका आढळला नाही, माहीत नसलेलं तंत्रज्ञान आढळलं नाही, परग्रहाचा पुरावाही नाही, असा हवाई दलाचा शेरा आहे.

या साऱ्यात कॅप्टन थॉमस मँटेल यांचं प्रकरण मनाला लागतं. ७ जानेवारी १९४८. केंटकीत गॉडमन तळावरच्या लोकांना आकाशात काहीतरी पांढरं, गोल दिसलं. योगायोगानं वरून चाललेल्या चार विमानांच्या तुकडीला ते बघायला सांगितलं. मँटेल एफ-५१ विमान घेऊन त्याच्या मागं चढत राहिले. विमानात प्राणवायूची सोय नव्हती. इतर मागं फिरले, ते वर गेले, शुद्ध हरपली असावी, आणि विमान खाली कोसळलं. हवाई दलानं आधी सांगितलं, ते शुक्राच्या मागं गेले. भरदुपारी शुक्र दिसणं अवघड, हे कुणालाही कळत होतं. पुढं जास्त पटणारा खुलासा आला: नौदलाचा ‘स्कायहूक’ नावाचा अवाढव्य फुगा असावा. फुग्यांचं ते काम गुप्त होतं, म्हणून पाठलाग करणाऱ्याला आणि तळावरच्या अधिकाऱ्यांनाही त्याची कल्पना नव्हती. आपल्याच देशाचा फुगा, आपलाच वैमानिक.

ते ७०१ म्हणजे एलियनच म्हणायचे काय?

नाही. उलगडा झाला नाही म्हणजे माहिती अपुरी पडली. पोलीस ठाण्यात तपास न लागलेल्या चोऱ्या असतात, त्या भुतानं केल्या असं कुणी म्हणत नाही.

खरं सांगा, सरकार लपवतंय की नाही?

लपवतं. फक्त लोकांना वाटतं ते लपवत नाही, आपलंच काहीतरी लपवतं.

१९५० च्या दशकात अमेरिकेचं यू-२ हे हेरगिरीचं विमान साठ हजार फुटांच्या वर उडायचं. त्या काळी प्रवासी विमानं त्याच्या निम्म्या उंचीवरही नसायची. सूर्य मावळल्यावर खाली अंधार, वर मात्र त्या चंदेरी पंखांवर ऊन. वैमानिकांना जळती वस्तू दिसायची, ते कळवायचे. चौकशी अधिकाऱ्यांना खरं कारण कळलं तरी ते बाहेर सांगता येत नव्हतं, म्हणून ‘हवामानाचा प्रकार’ असं काहीतरी ठोकून द्यायचं. सीआयए या अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेच्याच १९९७ च्या अभ्यासात हे मान्य केलंय, आणि त्या काळातल्या निम्म्याहून जास्त नोंदी अशा टेहळणी विमानांच्या होत्या असाही दावा आहे. तो आकडा पुष्कळ अभ्यासकांना फुगवलेला वाटतो. मलाही.

तबकडी कोसळल्याच्या गोष्टीसाठी गाजलेल्या अमेरिकेतल्या रॉसवेलचं तेच. १९४७ मध्ये तिथं पडलेला पसारा ‘मोगल’ नावाच्या गुप्त प्रकल्पातल्या फुग्यांचा होता, असं हवाई दलानं १९९४ मध्ये सांगितलं. सोव्हिएत अणुस्फोटांची चाहूल वरच्या हवेतून घ्यायची, असा तो खटाटोप होता. मधली सत्तेचाळीस वर्षं खरं कारण दडवल्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा, हा प्रश्न मात्र रास्तच आहे.

मोबाइलवर फिरतात ते लढाऊ विमानांतले काळे-पांढरे व्हिडिओ? ते तर पेंटागॉननंच दिलेत की.

पेंटागॉननं, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं, दिलेत, एप्रिल २०२० मध्ये, तीन. ‘हे आमच्याच विमानांनी टिपलेत’ एवढीच त्यांची कबुली होती. त्यांतल्या ‘गोफास्ट’ नावाच्या चित्रफितीत समुद्रावरून काहीतरी सुसाट जाताना दिसतं. नासाच्या अभ्यासगटानं २०२३ मध्ये पडद्यावरचेच आकडे घेऊन गणित मांडलं. वस्तू पाण्यालगत नव्हतीच, तेरा हजार फुटांवर होती आणि ताशी चाळीस मैलांच्या आसपास जात होती, म्हणजे वाऱ्यावर वाहणारी वस्तू जाईल तशी. वेग होता तो विमानाचा. हुबळीच्या पॅसेंजरमधून बघताना शेताच्या बांधावरची झाडं मागं पळतात, तसाच डोळ्यांचा खेळ.

२०२१ च्या अमेरिकी अहवालात १४४ नोंदी होत्या, त्यांतल्या एकीचाच खात्रीनं उलगडा झाला: हवा निघत असलेला मोठा फुगा. २०२२ मध्ये यासाठी ‘आरो’ नावाचं नवं कार्यालय निघालं आणि मार्च २०२४ च्या त्यांच्या अहवालातही परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा पुरावा नसल्याचं म्हटलंय.

मग आमच्या भागात दिसतंय ते काय असंल?

पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, पण ओळखीचे संशयित पुष्कळ आहेत.

सांबऱ्याची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. कुडचीच्या किंवा मारिहाळच्या बाजूनं, थेट धावपट्टीच्या रेषेत उभं राहिलं की उतरणाऱ्या विमानाचा पुढचा दिवा मिनिटं-मिनिटं जागचा हलत नाही, नुसता मोठा होत जातो. मग एकदम हिरवा-तांबडा होऊन बाजूला सरकतो. सांबऱ्यावरून उड्डाण प्रशिक्षणाची छोटी विमानंही घिरट्या घालतात. गोव्याला नौदलाचा ‘हंसा’ तळ आहे. तिथली लढाऊ विमानं घाटावरून गेली तर जांबोटी-कणकुंबीकडं आधी उजेड दिसतो, आवाज मागून येतो.

सरावात पायदळ प्रकाशाचे बॉम्ब टाकतं. छत्रीला लटकलेला तो जळता गोळा हळूहळू उतरतो, झुलतो, विझतो, लगेच शेजारी दुसरा पेटतो. लांबून बघणाऱ्याला दिवे एका ओळीत थांबलेत असंच वाटतं. १३ मार्च १९९७ ला अमेरिकेत फिनिक्स शहरावर हजारोंनी दिवे पाहिले. त्यातल्या रात्री दहाच्या सुमाराच्या ओळीचा खुलासा हवाई सरावातले असेच प्रकाशगोळे हा होता. आमच्याकडचे माजी सैनिक हे बघून चहाचा कपसुद्धा खाली ठेवत नाहीत.

गणपतीत आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीत शार्पी लाइट, म्हणजे आकाशात प्रखर झोत टाकणारे फिरते दिवे, असतात. ढग खाली आले की त्यांचे गोल ढगांच्या पोटावर फिरतात आणि दहा-पंधरा किलोमीटरवरच्या गावातून फोन यायला लागतात. एका रांगेत, सारख्या अंतरानं, आगगाडीसारखे जाणारे दिवे हे इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे उपग्रह: सोडल्यानंतरच्या थोड्या दिवसांत, संध्याकाळी किंवा पहाटे. एकटाच, न लुकलुकता, चारपाच मिनिटांत आकाश ओलांडणारा ठिपका आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक असू शकतो. चिकोडी-अथणीकडं उसावर फवारणी करणारे ड्रोन आता संध्याकाळीही दिसतात. लग्नातले तर विचारूच नका.

आणि शुक्र. तक्रारींत त्याचा नंबर कायम पहिला.

दिसलं तर काय करायचं? घाबरायला होतंय तेवढ्यात.

आधी घड्याळ बघा. ‘जेवणानंतर’ ही वेळ नव्हे. मग आहात तिथंच थांबा आणि ती वस्तू कशाच्या वर आहे ते धरून ठेवा: देवळाचा कळस, पाण्याची टाकी, टॉवर. दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभं राहून मोबाइलवरच्या होकायंत्रानं दिशा घेता येते. उंचीसाठी हात लांब ताठ करा आणि मूठ वळा. क्षितिजापासून किती मुठी वर, ते लिहा. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. ‘पाचशे फुटांवर होतं’ असं कधीही लिहू नका. अंधारात अनोळखी दिव्याचं अंतर कुणालाच कळत नाही, वैमानिकालाही नाही. आवाज आला का, किती वेळानं आला, ढग होते का, वारं कुठलं होतं, ते लिहा. शेजाऱ्यानंही पाहिलं असेल तर दोघांनी बोलण्याआधी वेगवेगळं लिहा. नंतर चर्चा झाली की दोघांची तबकडी एकाच आकाराची होते.

व्हिडिओ काढलाय, खरं नुसता गोल गोल दिसायलाय. बघता काय?

पूर्ण झूम केल्यावर मोबाइलची नजर फिस्कटते आणि ठिपक्याचा थरथरता गोल होतो, कडा चमकतात, मध्ये खळगाही दिसतो. ती भिंगाची करामत. झूम न करता, मोबाइल भिंतीला टेकवून, चौकटीत खांब किंवा छपराची कड घेऊन काढा. पाठवताना व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र दाबलं जातं आणि मूळ वेळेची नोंदही जाते. कॅम्पाच्या किंवा तळाच्या हद्दीकडं कॅमेरा रोखू नका. १९२३ चा गोपनीयता कायदा अजून लागू आहे.

लेझर मारून बघितला तर?

अजिबात नको. ते विमान असलं तर वैमानिकाचे डोळे दिपतात.

शेतात काहीतरी पडलेलं सापडलं तर कुणाचं ते?

सोडणाऱ्याचंच. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रात कितीतरी जिल्ह्यांतून जळत जाणारी रेघ दिसली, आणि चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूची भली मोठी कडी पडलेली सापडली. आसपासच्या गावांत गोळेही मिळाले. अभ्यासकांनी ते चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचे अवशेष असल्याचं सांगितलं. आंतरराष्ट्रीय करारांनुसार असा तुकडा सोडणाऱ्या देशाच्याच मालकीचा राहतो आणि नुकसान झालं तर भरपाईची जबाबदारीही त्याचीच असते. भंगारवाल्याला देऊ नका. टाकीत विषारी इंधनाचा अंश राहू शकतो, हातही लावू नका, पोरांना लांब ठेवा.

आपल्याकडं जास्त शक्यता फुग्यांची. हवामान खातं पणजीहून रोज फुगे सोडतं. ते तीस किलोमीटरच्या आसपास जाऊन फुटतात आणि खाली येतो तो दोरा, फाटकं रबर आणि छोटी पांढरी पेटी. उसात अडकलेली ही पेटी बघून बॉम्ब समजून धावपळ करायचं कारण नाही, पण पोलिसांना दाखवा. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्था फार मोठे फुगे सोडते. त्यांच्या यंत्रावर संपर्काचा पत्ता लिहिलेला असतो आणि न उघडता कळवा अशी सूचना असते. डिसेंबर २०२२ मध्ये विकाराबाद जिल्ह्यातल्या एका शेतात अशाच फुग्याची माणूस मावेल एवढी कुपी उतरली, तेव्हा बघ्यांची जत्रा भरली होती.

कळवायचं कुणाला?

११२ या आणीबाणीच्या नंबराला. विमानतळाजवळ ड्रोन घिरट्या घालत असेल तर लगेच, रात्र आहे म्हणून सकाळची वाट बघू नका. ड्रोन नियम २०२१ प्रमाणं विमानतळाच्या हद्दीपासून बारा किलोमीटरपर्यंत उडवण्यावर बंधनं आहेत. ठाण्यात नोंद कन्नडात होईल. सही करायच्या आधी वाचून दाखवायला सांगा आणि वेळ व दिशा बरोबर उतरलीय का, तेवढं नक्की बघा. ‘पडुवण’ म्हणजे पश्चिम, ‘मूडण’ म्हणजे पूर्व. इथं घोळ झाला की पुढं सगळंच उलटं.

भारतात ‘ब्लू बुक’सारखं खातं आहे?

जाहीर झालेलं तरी नाही. फ्रान्समध्ये हे काम अंतराळ संस्थेकडं आहे, १९७७ पासून. ब्रिटनच्या संरक्षण खात्यानं अशा तक्रारी घेणारं आपलं टेबल २००९ मध्ये बंद केलं.

माहिती अधिकारात विचारता येतं काय?

येतं. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. डीआरडीओ (संरक्षण संशोधन) आणि एनटीआरओ (तांत्रिक टेहळणी) या संस्था कायद्यातून वगळलेल्यांच्या यादीत, म्हणजे दुसऱ्या अनुसूचीत, आहेत, त्यांना विचारून उपयोग नाही. हवाई दल त्या यादीत नाही, पण सुरक्षेचं कारण देऊन कलम ८ खाली नकार मिळू शकतो. ‘तबकडी आली होती का?’ असं लिहिलंत तर ‘अशी माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक ठिकाणाहून आलेल्या तक्रारीची नोंद आहे का, असल्यास तिची प्रत आणि त्यावर झालेल्या कार्यवाहीची प्रत, असं मागा. कागद मागायचा, मत नाही.

अर्जाच्या भाषेचं तेवढं बघा. कलम ६ प्रमाणं अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत चालतो, आणि आपल्याकडं ती कन्नड. मराठीत लिहिलेला अर्ज याच कारणावरून परत येऊ शकतो. हिंदीत लिहून, मराठी मजकूर सोबत जोडून पाठवा.